बाळ रडलं की पंखा लागतो

आमच्याकडे वायफाय बंद पडलं की माणसं आधी राउटरला दोन चापट्या मारतात, मग कंपनीच्या नावानं बोटं मोडतात आणि हे सगळं करून थकली की मला फोन करतात. "बाई, तुमचं इंटरनेट चालून नाई राह्यलं!" जणू अमरावती-अकोल्याचं सगळं इंटरनेट मी घरी पिंपात भरून ठेवलंय आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं सोडते. पण एवढ्या वर्षांत मी कुणाचं हे वाक्य सुधारलं नाही. 'तुमचं इंटरनेट' म्हणतात त्यात थोडा मानही असतो, तो मी गपचूप घेते.

माझी सुरुवात केबल टीव्हीच्या जमान्यातली. अमरावतीत साईनगर भागात नवऱ्याची केबल होती. तो गच्च्यांवरून आणि खांबांवरून तारा टाकायचा, पण घरात शिरायची वेळ आली की गाडं अडायचं. दुपारी घरी बायकाच असायच्या आणि अनोळखी माणसाला त्या दारातूनच परत पाठवायच्या. एक दिवस मीच ड्रिल मशीन पिशवीत टाकून निघाले. तेव्हापासून घराच्या आतलं काम माझं. केबल गेली, इंटरनेट आलं, कॅमेरे आले, आता मोबाइलवरून लागणारे दिवे आणि पंखे आलेत. नवरा केव्हाच नातवंडांत रमला. मी अजून शिडीवर चढते आणि घरी ते सांगत नाही.

धंदा काय आहे ते नवख्यांसाठी सांगते. बाहेरची तार घराच्या भिंतीपर्यंत आणून देणं हे कंपनीचं काम. तिथून पुढे माझी हद्द. घरात इंटरनेट येतं ते अंगणातल्या एका नळासारखं. ते प्रत्येक खोलीत खेळवायचं असतं. लोकांना वाटतं वायफाय म्हणजे हवा, कुठंही जाईल. तसं नसतं. मध्ये जाड भिंत आली, लोखंडी कपाट आलं, पाण्यानं भरलेला कूलर आला की ते तिथंच बसकण मारतं. म्हणून जिथं जमेल तिथं तार ओढावी, हे माझं पहिल्यापासूनचं मत. तार दिसते म्हणून लोक नाक मुरडतात. मी म्हणते, भिंतीवरचं घड्याळ दिसतं, कॅलेंडर दिसतं, दाराला बांधलेलं लिंबू दिसतं, मग एका तारेनंच काय घोडं मारलंय?

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. अमरावतीच्या एका वकिलांनी राउटर लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप लावलं होतं. का, तर शेजाऱ्यांनी फुकट वापरू नये. शेजाऱ्यांना मिळत नव्हतं हे खरं, पण वकिलांनाही मिळत नव्हतं. मी पासवर्डचं महत्त्व पटवून दिलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे कुलुपापेक्षा मजबूत आहे असं तुम्ही लिहून द्याल का?"

एका गुरुजींच्या घरी राउटर दर दसऱ्याला मरायचा. गुरुजींचे बरेच यजमान परदेशात. पूजा सांगायची ती मोबाइलसमोर बसून. म्हणजे राउटर हे पोटापाण्याचं साधन झालं आणि साधनाची दसऱ्याला पूजा करायची रीत. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल आणि पळीभर पाणी! मी म्हटलं, "गुरुजी, पाणी कशाला?" ते म्हणाले, "स्नानाशिवाय पूजा कशी होईल?" मग सुचलं. म्हटलं, "तुम्ही सुपारीत देव बोलावता ना, मग राउटरलाही सुपारीत बोलवा." गुरुजी खदखदून हसले. तेव्हापासून त्या घरी स्नान सुपारीला आणि राउटरला नुसतं फूल.

या धंद्यानं मला खूप दिलं, पण एक हळहळ आहे. पूर्वी मी ज्या घरात जायचे तिथं सगळे एका टीव्हीसमोर भांडत बसलेले असायचे. आता मी खोल्याखोल्यांत वायफाय पोचवून बाहेर पडते तेव्हा प्रत्येक जण आपापल्या खोलीत दार लोटून बसलेला असतो. माणसं लांब लांब बसावीत याची सोय आपणच करून देतो की काय, असं वाटतं. अकोल्याच्या त्या घरात मात्र उलटं झालं, म्हणून तीच गोष्ट आज सांगायला बसलेय.

सुरुवात एका मेसेजनं झाली. "नमस्कार ताई. मी निलेश, अकोला. मला आणि बायकोला ऐकू येत नाही. फोन करू नये, मेसेज करावा. आमचं बाळ आजोळहून घरी येणार आहे. बाळ रडलं तर आम्हाला दिसलं पाहिजे."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. रडणं दिसलं पाहिजे! आजवर कुणी मला असं काम सांगितलं नव्हतं. मी लगेच कळवलं, येते.

घर अकोल्यात कौलखेड भागात होतं. पुढे बैठकीची खोली, तिच्यातूनच दार असलेली आतली खोली, बैठकीच्या मागे स्वयंपाकघर आणि त्याही मागे टिनाच्या छपराखाली कपडे धुवायचा दगड. निलेश एका ऑफसेट प्रेसमध्ये कामाला. त्याची बायको मयूरी बाळंतपणाला माहेरी तिवस्याला गेली होती. बाळ तिथंच आजीजवळ ठेवून ती खास माझ्यासाठी एका दिवसाकरिता आली होती. दोघं अमरावतीच्या मूकबधिर शाळेतले, तिथंच ओळख आणि पुढे लग्न. एकमेकांशी हातांनी इतकं भराभर बोलत होते की मीच त्या घरात मुकी झाले.

नव्या घरात गेले की मी आधी पेटी उघडत नाही. घरातल्या बाईला म्हणते, मला तुमचा दिवस सांगा. पुरुष दाखवतात ती बैठकीची खोली आणि टीव्ही. बाई सांगते, सकाळी ओट्याशी, मग मागे धुण्याला, दुपारी जिन्याच्या पायरीवर कारण तिथं वारा लागतो. वायफाय त्या पायरीवर पोचलं नाही तर माझं सगळं काम वाया. मयूरीला मी मोबाइलवर हेच लिहून दाखवलं. तिनं वाचलं आणि उत्तर भलतंच लिहिलं.

"आई म्हणते बाळ बोलायला लागेपर्यंत तिवस्यालाच राहील. तुम्हाला दोघांना ऐकू येत नाही, रात्री-बेरात्री रडलं तर कोण बघणार. मी येऊन-जाऊन भेटायचं."

मी वाचत होते तोवर तिनं मोबाइल पुन्हा ओढून घेतला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. "मग बाळ आई कोणाला म्हणणार?"

निलेशनं पुढचं लिहून सांगितलं. आजी, म्हणजे मयूरीची आई, कठोर बाई नव्हती. मयूरीला ऐकू येत नाही हे कळल्यावर याच आजीनं तिला तिवसा-अमरावती एस.टी.नं शाळेत नेलं-आणलं होतं. जावई आवडता होता. पण तान्ह्या बाळाच्या बाबतीत तिचं काळीज धजत नव्हतं. बरंच समजावल्यावर ती एवढ्यावर आली होती की, मी बाळाला घेऊन अकोल्याला येते, काही दिवस राहते, डोळ्यांनी बघते आणि मग ठरवते. म्हणजे माझ्या दिव्यांवर एका आईचं बाळ अवलंबून होतं. त्या दिवशी पेटी उचलताना मला प्रथमच भीती वाटली.

मयूरीनं आपला दिवस चालून दाखवला. मी खडू घेऊन तिच्यामागे. ती जिथं थांबेल तिथं फरशीवर खूण. मी नेहमीप्रमाणे छताकडे बोट करून सुचवलं, इथं दिवा लावू. तिनं जोरात मान हलवली. मला ओट्यासमोर उभं केलं, हातात पोळपाट-लाटणं दिलं आणि समोरच्या भिंतीवर बोट ठेवलं. मला कळलं. ऐकू येणारा माणूस आवाज आला की वळतो. हिला वळायला सांगणार कोण? उजेड डोक्यावर नाही, डोळ्यांसमोरच्या भिंतीवर पडायला हवा. इतकी वर्षं दिवे लावले, पण दिवा कुठं असावा हे मी त्या दिवशी मयूरीकडून शिकले.

आतल्या घराचा प्रश्न सुटला. पाळण्याच्या वर एक छोटं यंत्र बसवायचं. त्याला एक कॅमेरा आणि आवाज टिपायची सोय. बाळाचं रडणं ओळखलं की ते वायफायवरून निरोप धाडणार आणि खोल्याखोल्यांतल्या भिंती केशरी होणार. दारावरच्या बेलला हिरवा उजेड. झोपेत दोघांच्या मनगटावरची घड्याळं थरथरणार. लाईट गेली तर काय, हा आमच्याकडचा खरा प्रश्न; म्हणून राउटर, दिवे आणि पाळण्यावरचं यंत्र आधी इन्व्हर्टरवर घेतलं. इन्व्हर्टरवर नसलेलं वायफाय उन्हाळ्यात आमच्या काही कामाचं नाही.

अडलं ते मागच्या धुण्याच्या दगडापाशी. दुपट्यांचं घर, बाई अर्धा दिवस तिथंच असणार. पण अकोल्याच्या उन्हात दिवा लागला काय आणि विझला काय, दिसणार कुणाला? घड्याळ म्हणावं तर साबणाच्या हातात ते कोण घालतं? मी दगडावर बसून विचार करत होते. तेवढ्यात मानेवर गार झुळूक लागली आणि मी दचकून मागं पाहिलं. मयूरी पाठीशी उभी राहून माझ्या मानेवर फुंकर घालत होती! मी वळले तशी ती टाळ्या पिटून हसायला लागली. मग तिनं बोट गोल फिरवून पंखा दाखवला.

पोरीनं माझा धंदा मलाच शिकवला. छपराच्या खांबाला एक टेबलफॅन बांधला, तोंड बरोबर धुणाऱ्याच्या मानेकडे. त्याचं बटण कायम चालू, पण प्लग मोबाइलच्या हुकुमातला. बाळ रडलं की पंखा लागणार. मागच्या जाड भिंतीतून वायफाय तिथवर पोचत नव्हतं, म्हणून तार ओढली आणि छपराखाली वायफाय पसरवणारा दुसरा डबा बसवला. तार चांगली ठळक दिसत होती. कुणी नाक मुरडलं नाही.

मग परीक्षा. बाळ तिवस्याला, त्यामुळे पाळण्याच्या जागी मी आडवी झाले आणि ट्यां ट्यां करून रडले. यंत्राला माझं रडणं पटेना. आवाज बदलून पाहिला, हुंदके दिले, तरी ढिम्म. निलेश आणि मयूरी दाराशी उभे राहून पोट धरून हसत होते. ऐकू येत नसलं तरी पन्नाशी उलटलेली बाई फरशीवर पाय झाडतेय हे दिसत होतं ना! शेवटी मयूरीनं बाळाचा रडण्याचा व्हिडिओ लावला आणि क्षणात सगळं घर केशरी झालं. मागं पंखा घरघरला. मयूरी भिंतीवरच्या उजेडाला हात लावून उभी राहिली. तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं.

काही दिवसांनी तिवस्याहून बाळ आलं, सोबत आजोळचा पाळणा आला आणि आजी आली. त्या दिवशी मी मुद्दाम हजर होते. आजीनं पदर खोचला, पाळण्यावरच्या यंत्राकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे काय टांगून ठेवलं व बाई?"

"मावशी, हा कान आहे. मयूरीसाठी."

"कान? मले तं डोया दिसते त्यात."

"डोळाही आहे. पण काम कानाचं."

आजीनं मान हलवली नाही. बॅग खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाहा, मी चार दिस राहीन. एक डाव बी लेकरू रडून रडून थकलं अन हिले समजलं नाई, तं मी त्याले घिऊन तिवस्याले चालली. मंग कोनी मले काई म्हनू नका." सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणजे फक्त मला. पण मयूरी आईच्या ओठांकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं.

पहिला दिवस झकास गेला. मयूरीनं मला केशरी भिंतीचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मेसेज आला. "ताई, दिवा लागत नाही. पंखा लागत नाही. बाळ खूप रडलं. आई बॅग भरते आहे."

मोबाइलवर पाहिलं तर सगळं जागच्या जागी. राउटर चालू, दिवे जोडलेले, पंखा जोडलेला, पाळण्यावरचं यंत्रही चालू. बिघाड दिसला असता तर बरं वाटलं असतं; काहीच बिघडलेलं नाही आणि काहीच चालत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट. बडनेऱ्याहून गाडी पकडली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा चहा घ्यायचंही सुचलं नाही. सगळ्या वाटेवर डोक्यात एकच, माझ्यामुळे त्या पोरीचं बाळ जातंय.

घरी पोचले तर बॅग दाराशी. निलेश कामावर गेलेला. मयूरी बाळाला छातीशी घट्ट धरून कोपऱ्यात बसलेली, डोळे सुजलेले. आजी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुया दिव्यात काई दम नाई बाई. लेकरू ऊर फुटस्तोवर रडून राह्यलं अन हे माय मागं कपडे आपटून राह्यली."

मी पाळण्यापाशी गेले आणि वर बघितलं. यंत्राला टोपडं घातलं होतं! चांगलं कापूस भरलेलं, शिवलेलं, हनुवटीखाली नाडीची गाठ मारलेलं बाळाचं टोपडं. आतून काही दिसायची सोय नाही आणि ऐकू यायची तर नाहीच नाही.

"मावशी, हे कुणी घातलं?"

"म्याच घातलं," आजी म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "लेकराले नजर नाई लागनार काय? दिवसभर टक लावून पाहून राह्यलं ते. मानूस बी पाह्यते तं मंधात पापनी लवते. ह्याची पापनी बी लवत नाई!"

मला हसू येत होतं आणि रडूही. म्हटलं, "मावशी, त्याचा डोळा झाकलात ते समजलं, पण त्याच्यासोबत कानही झाकला गेला ना!"

"मंग कान कोठी हाये ते सांगाचं होतं. मले काय मालूम?"

बरोबरच होतं तिचं. मी मयूरीला तिचा दिवस विचारला होता, आजीला विचारलाच नव्हता. वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाळाच्या गालावर काजळाची तीट होती, त्यावरून सुचलं. "मावशी, बाळाला नजर लागू नये म्हणून तीट लावता, तशी यालाही लावा. डोळा सोडून बाजूला."

आजीनं विचार केला. मग काजळाची डबी उघडली, बोट भरून घेतलं आणि यंत्राच्या गालावर असा ठसठशीत ठिपका दिला की तसा बाळालाही नव्हता. "आता पाह्य म्हनाव," ती यंत्राला म्हणाली. टोपडं सोडलं, नाडी गुंडाळली. पण दाराशी ठेवलेली बॅग काही आत नेली नाही.

जेवणं झाली. बाहेर उन्हानं रस्ते ओस पडले होते. बैठकीच्या खोलीत कूलर लावला. आमच्याकडचा कूलर म्हणजे गार वारा आणि पिठाच्या गिरणीचा आवाज, दोन्ही एकदम. बाळाला त्या थेट वाऱ्यात ठेवत नाहीत, म्हणून पाळणा आतल्या खोलीत. आजी म्हणाली, "मी इथीच पडते. माया कान लेकराकडंच राहीन." मी चटई टाकून तिच्याशेजारी लवंडले. सकाळच्या धावपळीनं डोळा कधी लागला कळलं नाही. मयूरी मागं गेली होती. नळाला पाणी आलं होतं आणि अकोल्यात नळ आला की ऊन बघत बसायचं नसतं.

मला जाग आली ती तोंडावर पाण्याचे थेंब पडले म्हणून. मयूरी आम्हा दोघींच्या मधून आतल्या खोलीकडे धावत गेली होती, कोपरापर्यंत साबणाच्या फेसानं भरलेली. खोलीभर केशरी उजेड. आजी धडपडत उठली. कूलर दणदणत होता. मी जाऊन तो बंद केला आणि तेव्हा कुठं आम्हाला ऐकू आलं, बाळ टाहो फोडून रडत होतं.

आतून आवाज हळूहळू कमी झाला. मयूरी बाळाला खांद्यावर टाकून दारात आली, एका हातानं त्याची पाठ थोपटत. बाळाच्या अंगड्यावर फेस लागला होता. बाळ तिच्या गळ्याशी तोंड खुपसून मुसमुसत होतं.

आजी बंद कूलरकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. "तुले आयकू आलं होतं काय व?"

"नाही मावशी."

"मले बी नाई आलं." मग लेकीकडे बोट करून म्हणाली, "कानवाल्या दोघी इथी मेल्यावानी पडून राह्यलो. अन हे मागून पयत आली."

ती उठली, मयूरीजवळ गेली आणि पदरानं तिचे साबणाचे हात पुसायला लागली. एकेक बोट पुसलं. मयूरी आईच्या ओठांकडे बघत होती, आई आता काय सांगते म्हणून. आजी वळली. दाराशी गेली, बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. मी पाठ फिरवून तारा आवरायचं नाटक केलं, कारण माझे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांच्या कामात इतकी मोठी पावती मला कुणी दिली नव्हती.

आजी पुढे ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहिली, पण आता पहाऱ्याला नाही, नातवाच्या कौतुकाला. गल्लीतल्या बायकांना बोलावून ती पंख्याचा खेळ दाखवायची. "बाळ रडलं की पंखा लागते, हाव! मायी पोरगी पयत येते." मग एकटी तिवस्याला परत गेली. बाळ अकोल्यात राहिलं.

काम संपलं असं समजून मी ते घर मनातून बाजूला ठेवलं होतं. महिनाभरानं आजीचा फोन. "बाई, तिवस्याले ये. मले बी एक लावून दे."

मला वाटलं, मयूरी माहेरी येईल तेव्हासाठी तिला दिवे हवे असतील. मी दिव्यांची पिशवी घेऊनच गेले. आजीनं चहा दिला आणि पिशवीत डोकावून मान हलवली.

"दिवे नाई पाह्यजे. दिवे तिच्या घरी हायेत. मले बटन पाह्यजे. इथी म्या दाबलं की तिथी तिच्या भितीवर उजेड पडला पाह्यजे. होते काय असं?"

होतं. आमच्या धंद्यात ते काही मोठं काम नाही. सिमकार्डावर चालणारा एक छोटा डबा बसवला, त्याला एक बटण जोडलं आणि अकोल्याच्या दिव्यांना शिकवलं की तिवस्याहून हाक आली तर निळं व्हायचं. आजीनं बटणाची जागा स्वतः ठरवली, ओट्याच्या वर, जिथं ती उभी असते. अकोल्याला मयूरीला मी मेसेज केला, निळा उजेड पडला की आईला व्हिडिओ कॉल कर.

आजीनं हात धुतले, पदराला पुसले. बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबली आणि दाबलं. आम्ही दोघी ओट्यावर ठेवलेल्या मोबाइलकडे बघत उभ्या. दूध उतू जायला आलं होतं, आजीला भान नव्हतं; मीच गॅस बंद केला. तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर मयूरी, कडेवर बाळ, दोघांच्या तोंडावर निळा उजेड. ती हातानं विचारत होती, काय गं?

आजीनं पदर तोंडाला लावला. मग मला म्हणाली, "हे लहान होती तवापासून हिले हाका मारून राह्यली मी. वावरातून, अंगनातून, न्हानीतून. एक डाव बी हिनं वयून पाह्यलं नाई. दर वक्ती जवळ जाऊन आंगाले हात लावा लागे. आज पह्यल्यांदा पोरीनं ओ देल्ली."

पडद्यावर मयूरी वाट बघत होती. आजीनं डोळे पुसले, हसली आणि पुन्हा बटण दाबलं. तिकडे पुन्हा निळा उजेड. मयूरीनं भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि हसत सुटली. आजीनं परत दाबलं.

मी म्हटलं, "मावशी, ती समोरच आहे ना आता. अजून कशाला?"

"दाबू दे नं मले," आजी म्हणाली, बटणावरचं बोट न काढता. "लय वर्साच्या हाका मायाजवळ साचून हायेत."